लोकवर्णनाचे ग्रंथ आणि वाटेवरची माणसे

एखाद्या देशाचे, तिथल्या लोकांचे आणि त्यांच्या प्रगतीचे चित्र पुस्तकात उतरवायचे ठरले, की ग्रंथकाराला सर्वांत आधी घटक निवडावा लागतो; कोणी राजवटीला घटक मानून लिहितो, कोणी जातीला, कोणी गावाला, तर कोणी घरातल्या चुलीला. ही निवड वरवर तांत्रिक वाटली, तरी पुस्तकात कोण दिसणार आणि कोण गाळले जाणार हे तिच्यावरच ठरते. मराठीत आणि मराठी मुलखाविषयी अशा प्रकारचे जे ग्रंथ झाले, त्यांना येथे सोयीसाठी लोकवर्णनाचे ग्रंथ म्हटले आहे. त्यांची परंपरा लांबची आहे आणि गुणवत्ता थोर आहे; मात्र त्यांतील बहुतेकांनी माणूस एका जागी बसलेला आहे असे गृहीत धरले. बीड जिल्ह्यासारख्या, वर्षातला मोठा काळ परमुलखात राबणाऱ्या लोकांच्या जिल्ह्यातून या ग्रंथांकडे पाहिले, तर त्यांचे सामर्थ्यही नीट कळते आणि त्यांच्यातली पोकळीही.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव या तपासणीसाठी घेण्यासारखे आहे. डोंगरावरील त्वरिता देवीच्या मंदिरामुळे हे गाव पंचक्रोशीबाहेरही ओळखले जाते आणि नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात लढाई होऊन मराठ्यांचा विजय झाला, पण पुढे हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यातच राहिला. शेजारचा अहमदनगर जिल्हा १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. भाषा, पीकपाणी, देवदेवस्की आणि सोयरिकी सामाईक असलेल्या या लोकांची नोंद त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षे दोन निरनिराळ्या दफ्तरांत होत राहिली, आणि तिचा परिणाम आजही ग्रंथालयाच्या कपाटात दिसतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे प्रदेशाची भूमी, हवामान, लोक, शेती, व्यापार, इतिहास आणि स्थळे यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेत, १८८४ मध्ये एकट्या अहमदनगर जिल्ह्यासाठी स्वतंत्र जाडजूड खंड निघाला. हैदराबाद संस्थानासाठी मात्र १९०९ मध्ये ‘इम्पीरियल गॅझेटियर’च्या प्रांतिक मालेत सगळ्या संस्थानाला मिळून एकच खंड आला, आणि त्यात बीड जिल्ह्याच्या वाट्याला मोजकी पाने आली. सय्यद हुसेन बिलग्रामी आणि सी. विल्मॉट यांनी निजामाच्या राज्याचे वर्णन १८८३-८४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले होते, आणि सय्यद सिराज-उल-हसन यांचा संस्थानातील जातीजमातींवरचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला. दोन्ही कामे मोलाची आहेत, पण ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली त्यांपैकी फार थोड्यांना ती वाचता येत होती. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू आणि वरच्या पातळीवर इंग्रजी, तर रयतेची मराठी, अशी ही फाळणी होती. बीडचे स्वतंत्र जिल्हा गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने काढले ते १९६९ मध्ये, म्हणजे नगरच्या खंडानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

याचा अर्थ गोदाकाठच्या लोकांचे चित्र पूर्वी कोणी काढलेच नव्हते असा नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांची निवड गोदेच्या परिसराशी निगडित आहे, आणि राजदरबाराऐवजी शेत, पाणवठा, पीक राखणारी मुले, प्रवासाला गेलेला नवरा आणि त्याची वाट पाहणारी बायको यांच्याकडे तिचे लक्ष आहे. इतिहासाचे साधन म्हणून तिच्याकडून नेमक्या नोंदींची अपेक्षा करणे गैर ठरेल, तरी सामान्य माणसाचे जगणे लिहून ठेवण्याजोगे असते हा विश्वास या मुलखात इतका जुना आहे, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

पद्धतीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम तेराव्या शतकात महानुभाव पंथीयांनी केले. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मागे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते स्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. एकाच प्रसंगाच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यांतली एक दडपण्याऐवजी भेद नोंदवण्याचा प्रघात या परंपरेत पडला. ‘स्थानपोथी’ या पंथाच्या दुसऱ्या ग्रंथात चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले किंवा थांबले त्या जागांची दिशा, देऊळ आणि दार यांसह नोंद आहे, त्यामुळे यादवकालीन गावांच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना ती पोथी टाळता येत नाही. या दोन्ही ग्रंथांचा हेतू धार्मिक होता हे खरेच. पण साक्षीदाराला विचारून, त्याच्या बोलीत आणि स्थळाच्या खुणेसह लिहिण्याची ही रीत कोणत्याही आधुनिक क्षेत्राभ्यासाला शोभणारी आहे. विशेष असे, की या ग्रंथांचा घटक गाव नाही, तर गावागावांतून चालत जाणारा माणूस आहे. पुढच्या काळात लोकवर्णनाच्या ग्रंथांतून नेमका हाच घटक हरवला.

एकोणिसाव्या शतकात मुद्रित मराठी ग्रंथ वाढले, तेव्हा वर्णनाचा पहिला मान शहरांना मिळाला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या माणसाला त्याच्या कर्जासह, घरासह आणि ताटातल्या अन्नासह पानावर आणण्याचे श्रेय जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाकडे जाते. फुल्यांनी कुणब्याच्या घराचे आणि जेवणाचे जे तपशील दिले, ते दयेपोटी नव्हेत. राज्यकारभाराचा खर्च कोणाच्या कष्टातून निघतो याचा तो पुरावा होता. गॅझेटियरही घराचे आणि अन्नाचे वर्णन करते, पण तेथे ते जातीच्या सदराखाली येते आणि त्या दारिद्र्याचे कारण बहुधा त्या लोकांच्या स्वभावात किंवा रूढीत शोधले जाते, तर फुले ते कारण सारा, कचेरी, भटशाही आणि सावकारी यांत दाखवतात. माहिती तीच, मात्र कारणाची बाजू बदलली की चित्र मुळापासून बदलते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण आहे.

मराठी गावाचे सर्वांत भरीव चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात आहे. तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातील अधिकारी होते, खेडी त्यांच्या पायाखालची होती, आणि कागदावरचा कायदा व चावडीवरचा व्यवहार यांतली तफावत त्यांनी रोज पाहिली होती. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, आणि काळी, म्हणजे कसायची जमीन. वतनदार, म्हणजे पिढीजात हक्काने कामाचा मोबदला मिळवणारे पाटील-कुळकर्णी. बलुतेदार, म्हणजे सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, महार, मांग यांच्यासारखे, वर्षभराच्या कामाबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा घेणारे लोक. आणि आलुतेदार, म्हणजे ज्यांची गरज क्वचित पडते असे त्यांच्या खालच्या हक्काचे लोक, या सगळ्यांच्या देण्याघेण्याची गुंतागुंत आत्र्यांनी ज्या बारकाईने उलगडली आहे तिला तोड नाही. गाव स्वयंपूर्ण आणि सुखी होते, ही कल्पना तेव्हा इंग्रज ग्रंथकारांत आणि देशी सुशिक्षितांत दोन्हीकडे रुजलेली होती. आत्र्यांनी तिला थारा दिला नाही. काम होवो न होवो, हक्क मात्र वसूल होतो, आणि हा सगळा भार शेवटी कुणब्याच्या खळ्यावर पडतो, हे त्यांनी पानोपानी दाखवले.

तरीही आत्र्यांच्या ग्रंथाला एक मर्यादा आहे, आणि ती त्यांनी ‘फिरस्ते’ ठरवलेल्या लोकांविषयी लिहिताना उघडी पडते. गावोगाव हिंडून खेळ करणारे, औषधे विकणारे, भविष्य सांगणारे, टोपल्या-सुपे करणारे, गुरे हिंडवणारे आणि भिक्षा मागणारे असे असंख्य समूह त्यांनी मोठ्या मेहनतीने नोंदवले. पण त्यांच्याकडे पाहताना त्यांची नजर गावाच्या वेशीआत उभी आहे. फिरस्ता गावाला किती खर्चात पाडतो, किती चोऱ्या होतात, कुणबी किती भिडेला बळी पडतो, हा त्यांचा हिशेब आहे. फिरस्त्याच्या पोटात काय पडते, हा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि खुद्द आत्र्यांनीही ‘गुन्हेगार जाती’ या नावाचे पुस्तक लिहिले होते. इतका प्रामाणिक आणि इतका सूक्ष्म निरीक्षक येथे कमी पडला, याचे कारण व्यक्तीच्या दोषात नसून निवडलेल्या घटकात आहे: गाव हाच घटक धरला, की चालत येणारा माणूस परका ठरतोच.

गाव आकड्यांनी मोजण्याचा प्रयत्नही याच सुमारास झाला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये दाखवून दिले, की तेथील १५६ जमीनमालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली असून त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान आहेत. १७७१ मध्ये जेथे एका धारणेचे सरासरी क्षेत्र ४० एकर होते, तेथे ते १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आले होते. हैदराबाद संस्थानात अशा स्वरूपाच्या आर्थिक पाहण्या एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये केल्या.

‘मानवी प्रगती’ हा विषय मराठीत सर्वांत मोठ्या आवाक्याने हाताळला तो श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून परतलेल्या केतकरांनी नागपुरात मंडळी काढून, भागभांडवल जमवून, वर्गणीदार मिळवण्यासाठी स्वतः वणवण करून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड १९२० च्या दशकात पूर्ण केले. त्यांतले पहिले पाच खंड अकारविल्हे नोंदींचे नाहीतच. ‘हिंदुस्थान आणि जग’पासून ‘विज्ञानेतिहासा’पर्यंत जगाच्या वाटचालीची ती एक सलग प्रस्तावना आहे. कोशाला पाच खंडांची प्रस्तावना जोडणे हे साहस वाटते, पण त्यामागचा विचार पक्का होता: मराठी वाचकाला जगाची माहिती द्यायची, तर आपण त्या जगात कोठे उभे आहोत हे त्याला आधी कळले पाहिजे. परक्या भाषेतला कोश भाषांतरित केला असता तर हे साधले नसते, कारण त्यात महाराष्ट्र कडेला पडला असता. केतकरांच्या अनेक मतांशी आज सहमत होता येणार नाही. तरी एका प्रादेशिक भाषेतून सगळ्या मानवजातीकडे पाहण्याचा हक्क त्यांनी बजावला, ही गोष्ट फार मोठी आहे.

केतकरांच्या पुढच्या पिढीत इरावती कर्वे यांनी मराठी लोकांच्या चित्राला शास्त्राची शिस्त आणि ललित लेखणी दोन्ही दिली. बर्लिनमध्ये संशोधन करताना त्यांना कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध जोडणारा सिद्धान्त तपासायला मिळाला, आणि मोजमापांतून तो सिद्ध होत नाही असा निष्कर्ष त्यांनी, मार्गदर्शक त्या सिद्धान्ताच्या बाजूचा असतानाही, मांडला. ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये निघाला, आणि राज्याच्या गॅझेटियर मालेसाठी महाराष्ट्राची भूमी व लोक यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६८ मध्ये. पण त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे निरीक्षण आढळते ते पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात. दिंडीबरोबर चालता चालता त्यांना महाराष्ट्राची व्याख्या सापडली, ती अशी की ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. या व्याख्येत सीमा नकाशावरून ठरत नाही, भाषिक कायद्यावरूनही नाही. ती लोकांच्या चालण्यावरून ठरते. नगर इंग्रजांकडे आणि बीड निजामाकडे असतानाही दोन्हीकडच्या दिंड्या एकाच वाटेला लागत होत्या. दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या वेगळ्या चुली पाहून वाटलेला सलही कर्व्यांनी त्याच लेखात लिहिला आहे, म्हणून तो लेख निव्वळ गौरवाचा राहत नाही. पुढे कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची त्यांनी पाहणी केली, तेव्हाही जागा सुटलेला माणूस हाच त्यांचा विषय होता.

बीड जिल्ह्याला लागू पडणारे चालणे मात्र निराळे आहे. दसरा-दिवाळी झाली, की जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपून ‘पट्टा पडला’, म्हणजे कारखाना बंद झाला, की उन्हाळ्यात परततात. जाण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या दलालाकडून, उचल घेतलेली असते. ही आगाऊ रक्कम हंगामभर ऊस तोडून फेडायची असते, आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. कामाचा करार एका माणसाशी होत नाही, तर नवरा-बायकोच्या जोडीशी होतो, आणि त्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. पहाटे, कधी रात्रीतच उठून फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, जायचे, पुरुषाने ऊस तोडायचा, बाईने तो साळून मोळ्या बांधायच्या, मग दोघांनी त्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, आणि उरलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून किंवा बैलांपुढे टाकून दिवस संपवायचा. मुक्काम पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत असतो. ज्या मुलांना गावी सांभाळायला कोणी नाही ती बरोबर येतात, आणि त्यांच्यासाठी साखरशाळांचे, म्हणजे कारखान्यांजवळच्या हंगामी शाळांचे, प्रयोग झाले असले तरी वर्गातून गळणारी मुले थांबलेली नाहीत.

या लोकांची सरकारी मोजदाद कशी होते हे पाहण्याजोगे आहे. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि तिचा नियम असा होता, की या संपूर्ण काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी नव्हता त्याची गणना तेथे न करता जेथे तो सापडेल तेथे करायची. फेब्रुवारी हा गाळपाचा ऐन हंगाम असतो. त्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार ४९ भरली. फडातल्या कोपीत असलेली माणसे नियमाप्रमाणे या आकड्याबाहेरची होती. एखाद्या देशाच्या चित्राचा पाया जनगणना असतो, आणि येथे पायातच जिल्ह्याच्या कष्टकऱ्यांचा मोठा वाटा परजिल्ह्याच्या खात्यावर जमा होतो.

प्रगतीच्या वर्णनातही हीच फाळणी दिसते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, आणि सहकाराने ग्रामीण महाराष्ट्र कसा पालटला याच्या सगळ्या पुस्तकांत त्याला अग्रस्थान आहे. तो मान रास्तच आहे. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहावेत, ही असामान्य घटना होती. पण ऊस वाढला तसे तोडणारे हात लागले, ते शेजारच्या कोरडवाहू बीडमधून आले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या वाढत गेली. सहकाराची यशोगाथा एका जिल्ह्याच्या ग्रंथात आणि तोडणी मजुरांचे हाल दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालात, अशी विभागणी झाल्यामुळे वाचकाला ही दोन निराळी वास्तवे वाटतात. प्रत्यक्षात मजूर ज्या उसाची मोळी वाहतो त्याच उसाच्या भावावर त्या शाळा आणि ते दवाखाने उभे आहेत. गेवराई तालुक्यात तर हे दोन्ही जवळजवळ नांदतात: पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, त्यामुळे भिजणाऱ्या शिवारात ऊस उभा राहतो, आणि कालव्याचे पाणी न पोचणाऱ्या शिवारातली माणसे दुसऱ्यांचा ऊस तोडायला बाहेर पडतात. तालुक्याची सरासरी काढणारे पुस्तक या दोहोंना एकाच आकड्यात बसवते.

मानवी विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांना एकत्र करून प्रगती मोजण्याची पद्धत, महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने १९९० मध्ये पुढे आणली, आणि महाराष्ट्रानेही २००२ मध्ये आपला मानवी विकास अहवाल काढला. केवळ उत्पन्नाला प्रगती मानण्यापेक्षा ही पद्धत निःसंशय पुढची आहे. मात्र काही गोष्टी तिच्याही बाहेर राहतात. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ८९४ होते, ते २०११ मध्ये ८०७ वर आले. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. फडात आडोसा नाही, पाणी नाही, एक खाडा झाला तरी उचलीच्या हिशेबात दंड लागतो, आणि त्यात पाळीचे किंवा पोटदुखीचे दिवस परवडत नाहीत. या कारणांची साखळी समजून घ्यायला निर्देशांक पुरत नाही. ती समजायला बाईच्या दिवसाचे वर्णन लागते, तेही पहाटेपासून रात्रीपर्यंतचे, म्हाइंभटांनी आठवणी विचारल्या त्या चिकाटीने विचारून घेतलेले.

अशी वर्णने मराठीत आली ती प्रामुख्याने ज्यांचे वर्णन इतर लोक करत आले होते त्यांच्याच हातून. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्र्यांच्या ग्रंथात खळ्यावरचा हक्क मागणारा म्हणून जो महार येतो, त्याला तो हक्क मागताना काय सोसावे लागते, हे या पुस्तकाने आतून सांगितले; दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तरच बलुत्याची पद्धत पुरी समजते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ने मराठवाड्यातील पोरक्या दलित मुलाचे शिक्षण १९७९ मध्ये लिहून ठेवले. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, आणि गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणारा कैकाडी समाज प्रथमच स्वतःच्या नजरेने गावाकडे पाहू लागला. १९८७ मध्ये लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ लिहिले. ज्या समाजावर कायद्याने चोरीचा शिक्का मारला होता, त्या समाजाच्या घरात पोलीस शिरतात तेव्हा मुलाला काय दिसते, ते या पुस्तकात आहे. आत्र्यांचा फिरस्ता येथे बोलू लागला आणि गावाची वेस त्याला बाहेरून कशी दिसते हे सांगू लागला.

तलवाड्यासारख्या गावावर आज कोणी लोकवर्णनाचा ग्रंथ लिहायला घेतला, तर त्याला देवीची यात्रा, पिके, कालवा, घराणी आणि शाळा यांच्या प्रकरणांबरोबर एक प्रकरण गावाबाहेर लिहावे लागेल: नवरात्र आटोपल्यावर कोणत्या वस्तीतून किती कोयते निघाले, कोणत्या मुकादमाकडून किती उचल घेऊन, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडात ते उतरले, म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले मागे कोणाच्या भरवशावर राहिली, आणि पट्टा पडल्यावर परतताना किती फिटले व किती उरले. ही माहिती कोणत्याही दफ्तरात एका जागी मिळणारी नाही. ती मिळवण्यासाठी लिहिणाऱ्याला वर्षाचे सहा महिने गावात आणि उरलेले फडात काढावे लागतील, आणि त्या कामासाठी सर्वांत योग्य माणूस बहुधा त्याच कोपीत वाढलेला, साखरशाळेत अक्षर गिरवलेला कोणीतरी असेल.